लोन फिटेपर्यंत

शुभाताईंच्या घरात हीट पंपाचा रिमोट होता पण त्यात सेल नव्हते. हे मला पहिल्याच दिवशी कळलं. बाळाला कडेवर घेऊन हॉलमध्ये आले, भिंतीवर ते लांब पांढरं मशीन बघितलं आणि एवढं बरं वाटलं, म्हटलं चला, ऊब तरी आहे. रिमोट उचलून दाबला तर काहीच नाही, परत दाबला, मग मागचं झाकण काढलं तर आत नुसत्या स्प्रिंगा. मागून ताई म्हणाल्या, "सेल घड्याळात आहेत गं. तिथे निदान कामाला येतात."

मला वाटलं गंमत करतायत. गंमतच करत होत्या, पण सेल खरंच घड्याळात होते.

तेव्हा माझी स्वरा तीन महिन्यांची. सागर, म्हणजे माझा नवरा, टौरंगाला किवीफ्रूटच्या पॅकहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा, सोमवारी पहाटे जायचा तो शनिवारी यायचा. मी एकटी कुठे राहणार, मला इंग्लिश येत नाही, दहावी पण पुरी नाही माझी, फोन वाजला तरी वाटायचं की व्हिसावाल्यांचा तर नाही ना. मग इथल्या मराठी लोकांच्या फोनवरच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं की रोटोटुना भागात एक मराठी कुटुंब खोली देतंय. आठवड्याला दोनशे वीस डॉलर, वीज-पाणी धरून. आम्ही दुसऱ्याच दिवशी बॅगा घेऊन गेलो.

घर सुंदर होतं. विटांचं, एकमजली, पुढे गवत नीट कापलेलं. घरात ताई, त्यांचे मिस्टर मिलिंददादा, आणि चौदा वर्षांची अन्वी. ताई फार्मसिस्ट, पाच दिवस एका दुकानात आणि शनिवारी दुसऱ्या. दादा कॉम्प्युटरवाले. म्हणजे पैसेवाली माणसं, असं मला वाटलं होतं.

पहिल्या दिवशी ताईंनी सगळं घर दाखवलं, पण कसं दाखवलं ते सांगते. किचनमध्ये उभ्या राहून म्हणाल्या, "हे आपलं." हॉलमध्ये आल्या, "हाही आपला, मागच्या वर्षी सुटला." अन्वीच्या खोलीचं दार ढकललं, "ही अर्धी आपली, खिडकीपर्यंत." मग बाथरूम. "ही बँकेची. जपून वापर, फरशीवर पाणी ठेवू नकोस." आणि शेवटी कोपऱ्यातली लहान खोली, तिथे एक टेबल आणि एक सिंगल बेड, "ही सगळ्यात शेवटी सुटणार. इथे मिलिंद झोपतो, घोरतो ना."

दादा मागेच उभे होते, ते हसले आणि मला म्हणाले, "मी बँकेकडे भाड्याने राहतो."

ताईंना हा हिशोब कुणी शिकवला नव्हता, त्यांचा त्यांनीच काढला होता. लोन तीस वर्षांचं, चारशे ऐंशी हजारांचं, आणि त्यांनी ठरवलं होतं नऊ-दहा वर्षांत संपवायचं. एवढा मोठा आकडा डोळ्यांपुढे ठेवून माणूस मरून जाईल, असं त्या म्हणायच्या. म्हणून घराचे तुकडे केले, आणि तुकड्यांच्या टिकल्या केल्या.

टिकल्या म्हणजे खरोखरच्या टिकल्या. किचनला लागून डबे ठेवायची पॅन्ट्री होती, तिच्या दाराला आतल्या बाजूने ताईंनी कपाळाला लावायच्या टिकल्या चिकटवल्या होत्या, मरून, मखमली, मधल्या साइझच्या. एक टिकली म्हणजे एक हजार फिटले. साताऱ्याहून बहीण पाकिटं पाठवायची. वीस वीसच्या ओळी, एवढ्या सरळ की पट्टीने आखल्यासारख्या. मी गेले तेव्हा चारशे दहा होत्या. दार उघडलं की ट्यूबच्या उजेडात ते सगळं लालभडक दिसायचं, पहिल्यांदा मी घाबरलेच, तूरडाळीचा डबा काढायला गेले आणि हे, एवढी कपाळं एकदम बघतायत असं वाटलं.

"तुम्ही म्हणजे माझी पाच आठवड्यांची एक टिकली," ताई मला म्हणाल्या होत्या. त्यांनी ते प्रेमानेच म्हटलं होतं. आणि खरंच पाचव्या शुक्रवारी मला हाक मारली, टिकली माझ्या बोटावर दिली, म्हणाल्या, "ही तू लाव. ही तुझी आहे." मी लावली. मला काय कळतंय, मला छान वाटलं.

पण टिकल्या ही नुसती मोजणी झाली. ताईंचं खरं काम होतं सोडण्याचं. चातुर्मास लागला की आपल्याकडे बायका कांदा-लसूण सोडतात, वांगं सोडतात, कुणी गूळ सोडतं. ताई दरवर्षी त्याच दिवशी एक गोष्ट सोडायच्या, पण चार महिन्यांसाठी नाही. देवापुढे बसायच्या, हातावर पळीभर पाणी घ्यायच्या आणि ताम्हनात सोडताना मोठ्याने म्हणायच्या, "लोन फिटेपर्यंत." पहिल्या वर्षी चहातली साखर. मग बाहेरचं खाणं. मग भारतात जाणं, सात वर्षांत गेल्या नव्हत्या, धाकट्या भावाचं लग्न त्यांनी फोनवर बघितलं आणि अक्षता स्क्रीनवर टाकल्या. मग दादांचं क्रिकेटचं चॅनल. मग अन्वीचं पोहणं. आणि मी यायच्या आदल्या वर्षी हीटर.

आता आपल्याकडे चातुर्मास येतो पावसाळ्यात, पण इथे येतो ऐन थंडीत. बाहेर गवतावर पांढरं पडलेलं, बोलताना तोंडातून वाफ, आणि त्या दिवशी या बाईने हीटर सोडला.

मी एकदा विचारलं, "ताई, तुम्ही सोडता ते ठीक, पण दादांचं क्रिकेट तुम्ही कसं सोडलं? पाणी तर तुमच्या हातावर होतं."

ताई म्हणाल्या, "संसार एकच ना गं."

अन्वी घरात टोपी घालून बसायची, हातमोज्यांची बोटं कापून ते घालून अभ्यास करायची. मराठी सगळं कळायचं तिला पण उत्तर इंग्लिशमध्ये. "ममा, नोबडीज हाऊस इज लाइक धिस." ताई म्हणायच्या, "नोबडीचं घर नोबडीचं नसतं, बँकेचं असतं. आणखी एक स्वेटर घाल." अन्वी म्हणायची, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या पोरांचं "मस्त", पण अशी म्हणायची की थोबाडीत मारल्यासारखं.

दादा काही बोलायचे नाहीत. दादांचा मला कधी त्रास झाला नाही. कामावरून येताना दुधाची बाटली आणायचे, स्वराला बघून टाळी वाजवायचे, जेवायचे, आणि बँकेच्या खोलीत जायचे. एक मात्र मी बघितलं होतं. ताई नसल्या की ते पॅन्ट्रीचं दार उघडून उभे राहायचे. बोटाने मोजायचे, ओठ हलायचे. मी एकदा बाटली गरम करायला आले तर दचकले, म्हणाले, "किती राहिल्या बघत होतो." मला वाटलं केवढं मनावर घेतलंय माणसाने. मी सागरला फोनवर सांगितलं पण, बघा, नवरा-बायको दोघं एका मनाने लागलेत, आपण शिकायला पाहिजे.

ताई कशामुळे अशा होत्या ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि तेही मी विचारलं म्हणून नाही. त्या आठवड्यात लोनचा रेट सुटला होता. इथे एक-दोन वर्षांसाठी रेट बांधून देतात, मुदत संपली की नवा. नवा आला तो एवढा वाढून आला की हप्त्यातलं आणखी व्याजात जाणार आणि टिकल्या ठरल्यापेक्षा उशिरा लागणार. ताई कामावरून आल्या, डगला पण काढला नाही, पॅन्ट्रीचं दार उघडून समोर फरशीवर बसल्या. मी घाबरले, म्हटलं चक्कर आली का. चहा केला, बिनसाखरेचा, शेजारी ठेवला.

"सोडून द्यावंसं वाटतं का हो ताई कधी?" मी म्हणाले.

त्यांनी चहा घेतला. मग म्हणाल्या, वडील साखर कारखान्यात होते, क्वार्टर मिळालेली, ताई तिथेच जन्मल्या, तिथेच वाढल्या. वडील रिटायर झाले आणि आठ दिवसांत खाली करा म्हणून कागद आला. कारखान्याचा माणूस यादी घेऊन आला आणि एकेक गोष्ट मोजून घ्यायला लागला, नळ किती, कड्या किती, बल्ब किती. न्हाणीघरातला बल्ब वडिलांनी स्वतःच्या पैशाने आणलेला, जास्त उजेडाचा, ताईंना परीक्षेच्या वेळी तिथे बसून वाचता यावं म्हणून, कारण बाहेर धाकटी भावंडं झोपलेली. तोही त्या माणसाने काढून घेतला. आई म्हणाली हा आमचा आहे, तर तो म्हणाला यादीत चार आहेत, चार पाहिजेत.

"आमचा बल्ब होता गं तो," ताई म्हणाल्या. चाळीस-बेचाळीसच्या बाई, आणि हे बोलताना ओठ असा झाला त्यांचा, अन्वीपेक्षा लहान पोरीसारखा. "मला असं घर पाहिजे की ज्याची यादी कुणाकडे नाही."

मग उठल्या, फरशी पुसली, आणि त्या दिवसापासून दुपारचा डबा सोडला. दुकानात नुसती केळी खायच्या.

तर अशी बाई. मला राग राग करता येत नाही त्यांचा, म्हणून जास्त राग येतो.

जुलैमध्ये स्वराला सर्दी झाली. आमच्या खोलीत खिडकीच्या काचेवर आतून पाणी यायचं, मी रोज सकाळी टॉवेलने पुसायचे, पिळलं की वाटीभर निघायचं. भिंतीच्या कोपऱ्यात काळे ठिपके, मी पुसले की परत. सागरने शनिवारी येऊन जास्त उजेडाचा बल्ब लावला, म्हणाला यानेच जरा गरम होईल. स्वराला मी माझ्या स्वेटरच्या आत धरून बसायचे. ताई रोज दुकानात लोकांना खोकल्याची औषधं द्यायच्या, दम्याचे पंप द्यायच्या, लहान लेकरांना कसं तोंडाला लावायचं ते आयांना दाखवायच्या. सगळं माहीत होतं त्यांना. मला म्हणायच्या, "छातीला ओवा शेक. दोन टोपड्या घाल."

मी एकदा धीर करून म्हणाले, "ताई, दोन तास लावू या का? नुसता संध्याकाळी. आम्ही वरचे पैसे देतो."

"पैशाचं नाही गं," ताई म्हणाल्या. "पाणी सोडलंय मी त्याच्यावर. साठेक राहिल्यात फक्त. आता मोडलं तर सगळंच मोडलं."

दादा तिथेच होते, बशीत बघत जेवत होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी भात कालवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्वरा दूध ओढेना. कपडा वर केला तर श्वास घेताना बरगड्यांच्या खाली असा खड्डा पडत होता, पोट आणि छाती वेगवेगळं हलत होतं. मी ओरडलेच. ताई कामावर गेल्या होत्या. दादांनी गाडी काढली आणि आम्हाला हॉस्पिटलला नेलं, लाल दिव्याला थांबले तेव्हा स्टिअरिंगवर बोटं आपटत होते आणि स्वतःशी "बास, बास, बास" म्हणत होते. मला वाटलं माझ्या रडण्याला म्हणतायत.

तिला नाकाला नळी लावली. मी सागरला फोन केला, तो निघाला, पण दीड तासाचा रस्ता. डॉक्टरीण तरुण होती, "किया ओरा, मम्," म्हणाली, म्हणजे इथला नमस्कार, हळू हळू बोलली म्हणजे मला कळावं, आणि दादा मराठीत सांगत होते. मग त्यांना फोन आला म्हणून ते बाहेर गेले. तेवढ्यात तिने विचारलं, युवर होम, इज इट वॉर्म? ड्राय?

हे मला कळलं. एवढं इंग्लिश मला कळलं. आणि माझ्या मनात काय आलं, की नाही म्हटलं तर कुणीतरी घरी येईल, कागद होतील, ताईंना दंड होईल, आम्हाला बाहेर काढतील, व्हिसात लिहितील, लेकरू घेऊन जातील. नाकात नळी घातलेलं लेकरू समोर, आणि मी म्हणाले, "येस. वॉर्म."

दुपारी ताई आल्या. पांढऱ्या डगल्यातच, स्टीलच्या डब्यात मऊ खिचडी, वर तूप. मला खायला बसवलं आणि स्वराला घेतलं, नळी न हलवता, असं घेतलं की ती दोन दिवसांत पहिल्यांदा शांत झोपली. तीन तास तशाच बसल्या, हात बदलला नाही. बिनपगारी सुटी घेऊन आल्या होत्या. ताईंनी बिनपगारी सुटी घेतलेली मी आधी कधी बघितली नव्हती.

मग हळूच म्हणाल्या, "घर गरम आहे का विचारलं असेल ना?"

"हो."

"काय सांगितलंस?"

"आहे म्हणाले."

ताईंनी स्वराचं टोपडं सारखं केलं. मग म्हणाल्या, "बरं केलंस."

ते दोन शब्द मी अजून गिळलेले नाहीत.

पाचव्या दिवशी आम्ही घरी आलो. सागर होता बरोबर. मला वाटलं होतं रिमोटमध्ये सेल असतील, खरंच वाटलं होतं, गाडीतून उतरताना मी सागरला म्हणाले पण, बघा आता हॉल गरम असेल. ताईंनी आम्हाला बसवलं. त्यांनी रात्रभर विचार केला असावा, डोळे सुजलेले. म्हणाल्या, "तुम्ही दुसरीकडे बघा. मला हीटर लावता येणार नाही, आणि ही पोर माझ्या घरात आजारी पडलेली पण मला चालणार नाही. आठ दिवस घ्या."

सागर म्हणाला, "ताई, दोन सेलचा प्रश्न आहे."

"मला माहितेय कशाचा प्रश्न आहे," ताई म्हणाल्या.

बॉन्ड म्हणजे डिपॉझिट परत दिलं, वर मागच्या चार आठवड्यांचं भाडं परत दिलं. सागर नको म्हणत होता तर त्याच्या खिशात कोंबलं. आणि मग त्या पॅन्ट्रीत गेल्या आणि मी मागून बघितलं, त्यांनी ओळीतली एक टिकली नखाने काढली. ती मी लावलेलीच होती.

निघायच्या दिवशी खोली रिकामी झाली तशी ताई बघायला आल्या. भिंती बघितल्या, कपाट बघितलं, मग वर बघितलं. खुर्ची आणली, वर चढल्या, आणि सागरने लावलेला तो बल्ब हाताने फिरवून काढला. पेपरात गुंडाळून माझ्या हातात दिला. "हा तुमचा आहे. घेऊन जा." माझ्याकडे बघितलं नाही. पाळणा गाडीत मावला नाही, तो त्यांच्याच गॅरेजमध्ये राहिला.

आम्ही एका पंजाबी बाईंच्या घरामागच्या खोलीत गेलो. जुनं, पण गरम. स्वरा सुधारली.

वर्षाने ताईंचा फोन आला. आवाज असा की मी ओळखलाच नाही. "रेश्मा, फिटलं! उद्यापन आहे, पाच सवाष्णी घालायच्यात, तू यायचंच. स्वराला आण."

सागर म्हणाला जाऊ नको. मी गेले. का गेले, मला बघायचं होतं. एवढं सगळं ज्याच्यासाठी झालं ते झाल्यावर कसं दिसतं, ते बघायचं होतं.

दुपारची वेळ होती. पुरणपोळ्या, कटाची आमटी, भजी, अळूवडी, आणि आल्या आल्या चहा, गोड. ताईंनी सगळ्यांसमोर दोन चमचे साखर घातली, घोट घेतला, आणि तोंड वाकडं केलं. "शी! किती गोड आहे," म्हणाल्या आणि हसत सुटल्या, आम्ही सगळ्या हसलो. मग घड्याळ उतरवलं, सेल काढले, रिमोटमध्ये घातले. मशीनने टुण्ण केलं आणि फ्लॅप वर झाला, बायकांनी टाळ्या वाजवल्या. पॅन्ट्रीचं दार सगळ्यांना उघडून दाखवलं, शेवटची जागा मोकळी होती, तिथे ताईंनी स्वतःच्या कपाळाची टिकली काढून लावली आणि कपाळाला पाकिटातली नवी लावली. मग आमच्या ओट्या भरल्या. स्वराच्या हातात चांदीची वाटी दिली. त्या वाटीच्या पैशात टिकलीचा केवढा तरी तुकडा आला असता, पण ताईंनी दिली. स्वराला मांडीवर घेऊन त्या मशीनच्या वाऱ्याखाली बसल्या, तिचे पाय उघडे करून वाऱ्यात धरले. "लागतंय का गं ऊन ऊन?" मी ताटातली पोळी नुसती मोडत होते.

सगळ्या गेल्या, मी राहिले, सागर चारला येणार होता. मी लाँड्रीत स्वराचं बदलत होते, दार लोटलेलं, पलीकडे किचन. दादा भांडी धूत होते, ताई पुसत होत्या.

ताई म्हणाल्या, "मिलिंद, नऊ वर्षं तू काही मागितलं नाहीस. माग आता. काय पाहिजे? चॅनल घेऊ? भारतात जाऊ महिनाभर?"

नळ बंद झाला.

दादा म्हणाले, "शुभा, मला जाऊ दे."

"कुठे, आत्ता? दूध आहे घरात."

"नाही. जाऊ दे म्हणजे जाऊ दे. मी एक लहान युनिट बघितलंय, भाड्याने."

मी स्वराच्या तोंडावर हात ठेवला. ती काही बोलत नव्हती, तरी ठेवला.

ताईंनी हातातलं ताट ओट्यावर ठेवलं. मग म्हणाल्या, "केव्हापासून?"

"क्रिकेट सोडलंस ना, त्याच्या आसपास. तू लावत होतीस, मी मोजत होतो."

"मग तेव्हाच का नाही गेलास?"

"लोन डोक्यावर ठेवून गेलो असतो तर तू म्हणाली असतीस बुडवून गेला. तुझं होऊ दे म्हटलं आधी. आणि हातात यायला काहीतरी पाहिजे ना दोघांच्या."

"म्हणजे?"

"इथे अर्धं अर्धं असतं, शुभा."

तेव्हा ताईंनी जे विचारलं ते मला झोपेत ऐकू येतं. एकदम शांत आवाजात, खरंच माहिती पाहिजे असल्यासारखं, त्या म्हणाल्या, "कुठल्या खोल्या तुला?"

दादा म्हणाले, "खोल्या नाही गं. विकावं लागेल."

तेवढ्यात अन्वी आली, बिनबाह्यांच्या बनियनमध्ये, गाल लाल. "ममा, कॅन आय टर्न इट डाउन? इट्स बॉइलिंग."

"राहू दे," ताई म्हणाल्या. "आज राहू दे."

मी मागच्या दाराने बाहेर पडले आणि गेटपाशी सागरची वाट बघत उभी राहिले, ओटीचा नारळ पोटाशी धरून. नमस्कार पण केला नाही.

नंतर कळत गेलं तुकड्या तुकड्यांनी. ताईंनी दादांचा अर्धा भाग विकत घ्यायचा प्रयत्न केला, पण त्यासाठी परत तेवढंच लोन, एकटीच्या पगारावर, आणि बँकेने नाही म्हटलं. परत एवढ्या टिकल्या लावायला बसायची पण तयारी होती त्या बाईची.

सप्टेंबरमध्ये मेसेज आला, घर दाखवायला ठेवलंय, पाळणा घेऊन जा. आम्ही रविवारी सकाळी गेलो. गेटवर एजंटचा झेंडा लावलेला, दाराबाहेर लोकांच्या चपला, बूट, रबरी जँडल्स, आत अनोळखी माणसं मोज्यांवर फिरत होती. एजंटबाईच्या हातात कागद, त्यात खोल्या लिहिलेल्या, हीट पंप एक, पडदे, ओव्हन, सगळं. सागर गॅरेजकडे गेला, मी आत डोकावले. पॅन्ट्रीचं दार उघडं होतं. टिकल्या काढायला लावल्या होत्या, खोबरेल तेलाने काढल्या असाव्यात, वास येत होता. पण खुणा होत्या, पांढऱ्या रंगावर पिवळट गोल, वीस वीसच्या ओळी. एक जोडपं बघत होतं. बाई पोटुशी होती. तिने नवऱ्याला विचारलं हे काय असेल, आणि तो म्हणाला, "डॅम्प, प्रॉबब्ली." ओल आली असेल म्हणे.

बाहेर आले तर रस्त्याच्या पलीकडे ताईंची गाडी उभी. इंजिन चालू, काचा आतून धुरकटलेल्या. घर बघायला लोक येतात तेव्हा मालकाने घरात थांबायचं नसतं, म्हणून त्या तिथे बसल्या होत्या. मी स्वराला चालवत नेलं, ती आता चालायची. काच खाली झाली आणि आतून गरम वाऱ्याचा लोट माझ्या तोंडावर आला. हीटर फुल्ल लावलेला होता, चारी जाळ्या स्वतःकडे वळवलेल्या, गाडी कुठेही न जाता नुसतं पेट्रोल जळत होतं. ताईंच्या कपाळावर तसलीच टिकली, मरून. केस मानेला घामाने चिकटलेले, तरी डगला अंगात.

त्यांनी स्वराकडे बघितलं. हात पुढे केला, तिच्या नाकाला बोट लावून बघितलं, गार आहे का म्हणून.

मागचं दार उघडत म्हणाल्या, "आत घे गं तिला. बस जरा. छान गरम आहे."

सागर पाळणा गाडीत चढवत होता, अजून दोरी बांधायची होती. सागरच्या खिशात बँकेचा कागद होता, घराच्या लोनचा, त्याने मला अजून दाखवला नव्हता पण मला माहीत होतं.

मी स्वराला उचलून कडेवर घेतलं.

"नको ताई," मी म्हणाले. "उशीर होतोय आम्हाला."

उशीर काही होत नव्हता.